वेगळ्या चुलीची नोंद

मी भंडाऱ्याला गेलो ते एका कॉम्प्युटरमधल्या एका फाइलमध्ये एक ओळ काय लिहिली आहे, हे बघायला. नागपूरच्या पुढे माणसं जातात ती वाघ बघायला आणि परत आल्यावर महिनाभर शेजाऱ्यांना छळतात. माझ्याकडे तसं सांगण्यासारखं काही नाही. पण परत आल्यापासून मी घरात नीट बोलत नाही, तेव्हा बोलत नाहीस तर लिही तरी, असं बायकोनं सुनावलं. म्हणून हे लिहितो आहे.

आधी माझा धंदा सांगायला हवा. मी पुण्यातल्या एका कंपनीत डेटाबेसला सपोर्ट देतो. डेटाबेस म्हणजे हजारो नोंदी नीट लावून ठेवणारं सॉफ्टवेअर. आमचं परदेशी आणि चांगलंच महाग. ते ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतं ती मात्र अलीकडे बरेच जण फुकटातली, म्हणजे लिनक्स घेतात. लिनक्सच्या कुळात भावंडं फार. आमच्या डेटाबेसनं त्यातल्या दोन-तीन घरांशीच सोयरीक केलेली. बाकीच्यांवर तो चालत नाही असं नाही. चालतो. पण चालता चालता पडला, तर आम्ही ओळख दाखवत नाही. 'हे सपोर्टेड नाही' हे वाक्य मी चौदा वर्षं फोनवर म्हणत आलो, आणि ते म्हणताना आपण काहीतरी शिस्तीचं काम करतो आहोत असंच मला वाटत आलं.

गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या काही गावांचं घरोघरचं सर्वेक्षण एका लहानशा खासगी ठेकेदाराकडे होतं. घर किती खणांचं, माणसं किती, चुली किती, दारं किती, सोबत फोटो. ते सगळं आमच्या डेटाबेसमध्ये भरलं गेलं, आणि एका संध्याकाळी वीज गेली ती आल्यावर डेटाबेस उघडेचना. मूळ कागद गोदामात वाळवीनं खाऊन टाकलेले. आणि पुन्हा मोजायला जावं तर गावांवर पाणी.

आमच्या साहेबांनी मला दोन वाक्यांत कामगिरी सांगितली. सिस्टीम आपल्या यादीतली असेल तर वरून माणूस मागवू, नसेल तर तसं लिही आणि परत ये. मी परतीचं तिकीटही काढून निघालो.

भंडारा

नागपूरहून एसटीनं भंडारा गाठलं. डिसेंबर होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालेलं, आणि बांध्यांमधून धानाचे पुंजणे, म्हणजे पेंढ्यांचे ढीग, रचलेले. शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी गोंदिया वेगळा झाल्यापासून जिल्हा कसा अर्धा झाला, कुठली कचेरी तिकडे गेली आणि कुठल्या कचेरीच्या फायली कुठेच सापडत नाहीत, हे सांगत आणलं. वाटेतल्या मोठ्या पुलावर ते गप्प झाले आणि त्यांनी नदीला हात जोडले. पुण्यात आम्ही पुलावरून जाताना खिडकी लावून घेतो.

स्टँडबाहेर पोहे मागितले. पुण्यात पोह्यांवर चिमूटभर ओलं खोबरं भुरभुरतात आणि त्यालाच औदार्य समजतात. इथे पोहेवाल्यानं चण्याची लालभडक तर्री डावभर ओतली. पहिल्याच घासाला मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी, आणि शर्टावर पुढून एक लाल ओघळ. पोहेवाल्यानं न बोलता पाण्याचा तांब्या पुढे केला, वर दोन भजी ठेवली, आणि त्यांचे पैसे घ्यायला तयार होईना. त्या डागाचा शर्ट घालून मी ठेकेदाराच्या कचेरीत पोचलो.

कचेरी म्हणजे पितळेच्या भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर ठोक्यांचा आवाज. ठेकेदार नागपूरला असायचा. कारभार विलास नावाच्या ऑपरेटरच्या हाती. पंचेचाळिशीचा माणूस, अंगानं काटकुळा, घरचा धंदा हातमागाचा. वडिलांच्या हयातीतच माग थांबला, तेव्हा हा टायपिंग शिकला आणि मग कॉम्प्युटर. त्यानं मला दारातच न्याहाळलं.

"तुम्हीच ना जी, फोनवरचे मराठे साहेब? आवाजावरून ओळखलं मी."

माझा आवाज कोणी ओळखावा असं माझं काम नाही. आम्ही दिवसाला तीस-चाळीस फोन घेतो. पण विलास खरोखर खूश झाला होता. त्यानं कपाटातून खाकी कव्हर घातलेल्या लांब वह्या काढल्या. कंपनीच्या माणसानं फोनवर सांगितलेलं प्रत्येक वाक्य तारीख, वेळ आणि नावासकट त्यात लिहिलेलं होतं. उभ्या-आडव्या धाग्यांचा हिशेब ठेवणाऱ्या घरातली सवय असावी. त्यानं बरोबर पान उघडून माझ्यापुढे धरलं.

'दुपारी साडेतीन. मराठे साहेब, पुणे. डेटाबेस इन्स्टॉल होत नाही असे सांगितले. साहेब म्हणाले, सिस्टीमच्या नावाच्या फाइलमध्ये दुसरे नाव लिहा. लिहिले. झाले. साहेबांचे आभार मानले.'

ही काय भानगड आहे ते सांगतो. आमचा डेटाबेस बसवताना तो आधी विचारतो, बाबा, सिस्टीम कोणती? उत्तर एका लहानशा फाइलमधल्या एका ओळीत असतं. ती ओळ बदलून तिथे आमच्या यादीतल्या सिस्टीमचं नाव लिहिलं, की डेटाबेस निमूट बसतो. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कागदावर कुठेच नाही. फोन लवकर संपावा म्हणून मी ही युक्ती अनेकांना सांगितली असेल. लोक ती ऐकतात, विसरतात आणि आमचं नाव तर कधीच लक्षात ठेवत नाहीत. ते लिहून ठेवणारा माणूस मला इथे पहिल्यांदा भेटला.

म्हणजे मी जी ओळ तपासायला आठशे-नऊशे किलोमीटर आलो होतो, ती माझीच होती.

मी विलासला म्हणालो की हे असं बदलायला नको होतं. त्यानं चष्मा काढून पुसला.

"पन तुम्हीच तं सांगतलं होतं जी. आपल्या मनानं मी काही करत नाही."

मी म्हणालो, हो, पण ते आपल्यातलं होतं.

"आपल्यातलं म्हंजे?"

त्यानं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच कळलं नव्हतं. कंपनीचा माणूस कंपनीच्या फोनवर बोलतो ते कंपनीचं बोलणं, असा त्याचा सरळ हिशेब. मी विषय बदलला आणि बॅकअप दाखवा म्हणालो. रोज संध्याकाळी बॅकअप झाल्याची नोंद वहीत होती, पडद्यावरही तसं लिहून येत होतं. फायली उघडून पाहिल्या तर दोन वर्षांच्या सगळ्या रिकाम्या. परक्या सिस्टीमवर तो भाग कधी चाललाच नव्हता, आणि चालला नाही हे सांगण्याइतकं शहाणपणही आमच्या महागड्या सॉफ्टवेअरकडे नव्हतं. विलासनं त्या रिकाम्या फायलींची यादी वरून खालपर्यंत पाहिली आणि खुर्चीत बसला.

नियमानं मी तिथेच काम संपवून परतायला हवं होतं. मी थांबलो. चांगुलपणा म्हणून थांबलो असं कोणाला वाटू नये. ती वही कपाटात होती आणि काम झालं तर ती कोणी उघडणार नाही, एवढाच विचार होता. माझ्याजवळ एक कोरी डिस्क आणि यादीतल्या सिस्टीमची सीडी होती. नवी सिस्टीम बसवायची, जुन्या डिस्कवरून डेटाच्या फायली उचलून तिच्यावर ठेवायच्या आणि किती उघडतं ते बघायचं. जुनी डिस्क दुखावलेली असल्यामुळे एकेका फाइलला तासन्‌तास लागतील हे दिसत होतं. काम लावून दिलं आणि संध्याकाळी विलासच्या घरी जेवायला गेलो.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मागाचा खड्डा बुजवलेली जागा अजून वेगळी दिसते. जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भेदरांची, म्हणजे टोमॅटोची, भाजून केलेली चटणी. आमच्याकडे भात शेवटी येतो आणि लहान मुदीचा; इथे भात म्हणजेच जेवण, आणि पानावरचा डोंगर कमी झाला की वाढणारीच्या चेहऱ्यावर काळजी. विलासच्या बायकोनं सांगितलं की हे घरी तुमचं नाव नेहमी काढतात, पुण्याचे साहेब फोनवर रागवत नाहीत म्हणतात. मी खाली मान घालून जेवत राहिलो.

एकोडी

दुसऱ्या दिवशी रविवार. कॉपी अर्ध्यावर आली होती. विलासला साकोलीकडे एकोडीला निरोप द्यायला जायचं होतं. चला म्हणाला, इथं बसून तं डिस्क लवकर फिरत नाही. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून निघालो. वाटेत बोड्या, म्हणजे शेताला पाणी पुरवणारी लहान तळी, एकामागून एक. एका बोडीत माणसं छातीभर पाण्यात उभी राहून शिंगाडे काढत होती. आम्ही पाव किलो घेतले. मी नखानं सोलायला गेलो आणि काटा नखात घुसला; विलासनं दातानं कसं फोडायचं ते दाखवलं. हवा गार होती, ऊन कोवळं होतं आणि तासभर मला कामाचा विसर पडला. या प्रवासात बरा गेलेला तेवढा एकच तास.

निरोप होता तो पार्बताबाईंना. वय साठीच्या आसपास, अंगावर फिकट हिरवं लुगडं, हात सतत कशात तरी. आम्ही गेलो तेव्हा त्या भावाच्या घरामागच्या सांदवाडीत अंबाडी निवडत बसल्या होत्या. त्यांचं सासरचं गाव बुडालं. तेव्हापासून त्या इथे माहेरी राहत होत्या.

त्यांची गोष्ट विलासनं वाटेत सांगितली होती. नवरा वारला, मूलबाळ नाही. नवऱ्याच्या थोरल्या भावानं, म्हणजे इकडच्या बोलीत भासऱ्यानं, तिला घरची मोलकरीण करून टाकलं. एकदा दंडाला धरून दाराबाहेर काढली. ती त्या दारातून परत आत गेली नाही. मागच्या पडवीत तीन दगड मांडले, वर मातीनं लिंपून चूल केली आणि अकरा वर्षं त्या चुलीवर आपलं आपण शिजवून खाल्लं. सर्वेक्षणाचा नियम असा की चूल वेगळी तर कुटुंब वेगळं, आणि कुटुंब वेगळं तर नव्या गावठाणात प्लॉट वेगळा. मोजणीवाल्यानं तिची चूल पाहिली, फोटो काढला, नोंद केली. आता भासरा म्हणत होता की वेगळी चूल कधी नव्हतीच, ती आमच्याच घरात जेवायची. शेजारी चार गावठाणांत पांगलेले; जे होते ते भासऱ्याशी वाकडं घ्यायला तयार नव्हते. सुनावणी बुधवारी होती, आणि तोच निरोप विलास घेऊन आला होता.

मी विचारलं, तुम्ही स्वतः का नाही सांगत साहेबांना? प्रश्न पुण्याचा होता. त्या हसल्या.

"भासऱ्यापुढे मी बोलत नाही जी. लगन झालं तवापासून एक सबद नाही बोलली. तो फोटूच बोलन त्याच्यापुढे."

थोरल्या दिरासमोर बाईनं तोंड उघडायचं नाही, ही इकडची रीत. दंडाला धरून बाहेर काढणाऱ्यालाही ती लागू. मला चीड आली आणि मी काहीतरी बोललोही, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांना एकच विचारायचं होतं. फोटो निघेल का?

मी म्हणालो, प्रयत्न चालू आहे.

"अकरा वर्सं चूल पेटवाले त्याईच्या घरचा इस्तूसुद्धा नाही मागतला मी," त्या म्हणाल्या. "आता म्हातारपनी त्याच घरात गेली तं मी जगन, पन मानूस म्हनून नाही जगन."

घरात भावाच्या सुना दाराआडून ऐकत होत्या. इथेही पार्बताबाईंना फार दिवस ठेवून घेणार नाहीत हे त्या सुनांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. निघताना पार्बताबाईंनी निवडलेली अंबाडी कागदात बांधून विलासच्या हातात दिली. नोंद काढणारा माणूस म्हणजे जणू देवळाचा पुजारी, अशा नजरेनं त्या आमच्याकडे पाहत होत्या.

पुन्हा भंडारा

सोमवारी दुपारी डेटाबेस उघडला. पूर्ण नाही. काही गावांचे फोटो गेले ते गेलेच, त्या घरांना आता कुठेच चेहरा उरला नाही. पण पार्बताबाईंच्या गावाचा भाग शाबूत निघाला. विलासनं नाव टाकलं आणि नोंद आली. 'मागील पडवीत स्वतंत्र चूल. वापरात.' खाली फोटो. काळवंडलेली मातीची चूल, वर मातीचं गाडगं, बाजूला फुंकणी, आणि चौकटीच्या कडेला घर क्रमांकाची पाटी धरलेला एका बाईचा हात. विलासनं पडद्याला नमस्कार केला. खालच्या टपरीवरून चहा मागवला गेला. मीही आनंदात होतो. चौदा वर्षांत माझ्या हातून कोणाचं एवढं सरळ भलं झालं नव्हतं.

ठेकेदाराचा नागपूरहून फोन आला. सुनावणीत नुसता कागद चालणार नाही, कंपनीचा अहवाल जोडा, आणि अहवाल देणाऱ्या माणसानं हजर राहावं. मी पुण्याला साहेबांना फोन लावला. ते कामावर खूश झाले नाहीत. यादीत नसलेल्या सिस्टीमवरचा डेटा आपण काढून दिला, उद्या त्यात काही चूक निघाली तर जबाबदारी आपल्यावर येईल. अहवालात स्पष्ट लिही, म्हणाले. सिस्टीमची ओळख बदललेली आढळली. कोणी बदलली?

मी म्हणालो, माहीत नाही.

मग लिही की ग्राहकाकडच्या कर्मचाऱ्यानं बदलली, ते म्हणाले.

मी लिहिलं. विलास शेजारच्या टेबलाशी बसून पार्बताबाईंच्या नोंदीची प्रिंट काढत होता. मी जे टाइप करत होतो ते त्याला दिसत असणार. कागद त्याच प्रिंटरवर त्याच्याच हातानं निघाला. त्यानं तो वाचला, माझी सही घेतली, दोन्ही कागद एकत्र टाचले आणि नेहमीप्रमाणे वहीत लिहिलं की अहवाल मिळाला. मला म्हणाला, हे वाचून ते नोंद खोटी तं नाही म्हननार? मी म्हणालो, छे, ही नुसती तांत्रिक बाब आहे.

गोसीखुर्दजवळचं नवं गावठाण

बुधवारी सकाळी धरणाच्या बाजूला गेलो. पाणी मैलोन्‌मैल पसरलेलं, मधूनच बुडालेल्या झाडांचे शेंडे. काठावर काही जण जाळी सुकवत होते. एकानं हातानं दाखवलं, तो शेंडा दिसतो ना, ते आमच्या चावडीजवळचं चिंचेचं झाड. त्याच्या आवाजात दुःख वगैरे काही नव्हतं, वाट विचारणाऱ्याला सांगावं तसं सांगितलं. गावठाण उजाड माळावर, सरळ रस्ते, सारख्या आकाराचे प्लॉट. जुन्या गावात असेल तशी एकही सावली नाही.

सुनावणी समाजमंदिरात होती. अधिकारी मध्यमवयीन, थकलेले, पण माणूस वाईट नव्हता. प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घेत होते. बायका मागच्या बाजूला भिंतीशी बसलेल्या. पार्बताबाई त्यांच्यात, पदर हनुवटीपर्यंत ओढून, पाठ आमच्याकडे. भासरा पुढे. स्वच्छ पांढरे कपडे, बोलणं मऊ. मी मनात त्याचं जे चित्र रंगवलं होतं त्यातलं काहीच त्याच्या तोंडावर नव्हतं.

विलासनं प्रिंट पुढे ठेवली. अधिकाऱ्यांनी फोटो निरखून पाहिला आणि मान हलवली. आता झालं, असं मला वाटलं. मग त्यांनी सोबतचा अहवाल भासऱ्याला वाचायला दिला, कारण तसा नियम. त्यानं चष्मा लावून तो सावकाश वाचला, दुसऱ्यांदा वाचला आणि बोट एका ओळीवर ठेवलं.

"साहेब, ज्या मशीननं आपलं नावच खोटं सांगतलं, तिच्या पोटातली नोंद खरी कायवरून?"

अधिकाऱ्यांनी ती ओळ वाचली आणि विचारलं, हा बदल कोणी केला?

विलास उभा राहिला. "मी केला जी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"फोन करून विचारलं होतं."

"कोणाला?"

विलासच्या पिशवीत ती वही होती. सुनावणीला लागेल म्हणून त्यानं सकाळी ती माझ्यादेखतच पिशवीत घातली होती. त्यानं पिशवीवर हात ठेवला, मग काढून घेतला.

"याद नाही साहेब."

त्याच्या घरी मी जेवलो होतो म्हणून असेल, की फोनवर न रागावणाऱ्या माणसाचं त्याला खरंच अप्रूप होतं म्हणून असेल. मी आजवर त्याला विचारलेलं नाही. त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहितो, कारण नाही तर या सगळ्या लिहिण्याला अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं.

अधिकारी माझ्याकडे वळले. त्यांनी सरळ विचारलं की नोंदीत कोणी फेरफार केलेला नाही याची खात्री तुम्ही देता का? मला उत्तर ठाऊक होतं. सिस्टीमचं नाव बदलल्यानं आतली एक नोंदही बदलत नाही. घराच्या दारावरची पाटी बदलली म्हणून घरातली चूल हलत नाही. एवढं एक वाक्य, आणि सोबत दुसरं, की ती पाटी मी बदलायला सांगितली होती. ही दोन वाक्यं एकमेकांना बांधलेली होती; पहिलं बोललो असतो तर अधिकाऱ्यांनी दुसरं विचारलंच असतं.

"अहवालात जे लिहिलं आहे त्यापलीकडे मी काही सांगू शकत नाही," मी म्हणालो. फोनवर म्हणतो त्याच आवाजात.

अधिकाऱ्यांनी माझं वाक्य लिहून घेतलं. मग निकाल सांगितला. वेगळं कुटुंब सिद्ध होत नाही, बाईंची नोंद थोरल्या दिराच्या कुटुंबात घ्यावी. वर दाद मागता येईल, असंही म्हणाले, पण वर मागायची ती याच कागदावर. भासऱ्यानं हात जोडले. ठेकेदार त्या दिवशी हजर होता. त्यानं बाहेर येऊन विलासला बाजूला घेतलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. विलास समाजमंदिराच्या भिंतीशी लावलेल्या मोटरसायकलकडे गेला.

मी पाणी प्यायला नळाशी थांबलो होतो. पार्बताबाई तिथे आल्या. भासऱ्याच्या घरची माणसं त्यांनी माहेराहून सोबत आणलेलं बोचकं बैलगाडीत ठेवत होती, तेवढ्यात एक मिनिट मिळालं असावं. त्यांना झालं ते कळलं होतं. मला वाटलं रडतील. डोळे कोरडे होते.

"मागं बसल्यानं आयकू नाही आलं जी," त्या म्हणाल्या. "ते मशीनचं नाव कोनं बदलवलं होतं?"

तिथे अधिकारी नव्हते, साहेब नव्हते, कंपनी नव्हती. तिला खरं सांगून माझं काहीच बिघडणार नव्हतं. ती कोणाला जाऊन सांगणार होती?

मी म्हणालो, "विलासनं."

त्यांनी मोटरसायकलच्या दिशेनं पाहिलं.

"मग त्याले सांगा, मनाले लावून घेऊ नको म्हना. मुद्दाम नाही केलं त्यानं, मले मालूम आहे. मी सांगाले गेली तं रडू येईन, म्हनून तुम्हीच सांगा."

सांगतो म्हणालो. त्या गाडीकडे गेल्या.

मी विलासजवळ गेलो आणि निरोप दिला, तिच्याच शब्दांत, एकही शब्द न गाळता. त्यानं तो ऐकून घेतला. मग रुमालानं मागची सीट पुसली आणि म्हणाला, "बसा साहेब. तुमची गाडी चुकन."